आवाज आढळला नाही

केंद्र सरकारच्या सेवेतील लिपिकाने मोटार घ्यावी की घेऊ नये, याविषयी आमचे आचारनियम उदार आहेत. वस्तूची किंमत दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक असेल, तर व्यवहार झाल्यापासून महिन्याच्या आत वरिष्ठांस कळवावे, एवढीच त्यांची अपेक्षा. आम्ही कळविले. कर्ज कोणत्या बँकेचे, हप्ता किती, आगाऊ भरलेली रक्कम कोठून आली, हे सारे विहित नमुन्यात भरून दिले. आणि त्यावर "नोंद घेतली" असा शेरा पडला, तेव्हाच गाडी खऱ्या अर्थाने आपली झाली असे आम्हांस वाटले. परंतु हीच गाडी पुढे टिकटिक करू लागली तर काय करावे, याविषयी मात्र त्या नियमांत अवाक्षर नाही.

आम्ही मल्लेश्वरम भागात राहतो. ज्यांची बंगळुरास अद्याप बदली झालेली नाही त्यांच्यासाठी सांगावयाचे, तर हा या शहराचा जुना, झाडांचा आणि देवळांचा भाग. येथील काडू मल्लेश्वराचे देऊळ शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांच्या नावाशी जोडलेले आहे. त्यामुळे येथे घर भाड्याने घेताना, आपण परमुलखात आलो नसून साडेतीनशे वर्षे उशिराने का होईना, पण आपल्याच माणसांच्या मागोमाग आलो आहोत, अशी आम्ही मनाची समजूत घातली होती. गाडीही अशाच एका समजुतीपायी घेतली. लहानशी, पेट्रोलवर चालणारी, तीन सिलिंडरांची. कन्येस शाळेत सोडणे हे तिचे दैनंदिन काम. परंतु तिचे खरे काम वर्षातून दोनदा. तुमकूर रस्त्याला लागले की राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ हुबळी, बेळगाव, कोल्हापूर करीत थेट आमच्या साताऱ्यास पोहोचतो. दारात गाडी उभी आहे म्हणजे गाव एका किल्लीच्या अंतरावर आहे, ही भावना हप्त्याच्या रकमेत धरलेली नसते. बाहेर नोकरी करणारांना ती वेगळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

गेल्या डिसेंबरातील एका सकाळी आम्ही गाडी सुरू केली आणि बॉनेटखालून एक बारीक, कोरडा, नियमित आवाज येऊ लागला. टिक् टिक् टिक् टिक्. आमच्या सौभाग्यवतींच्या मते तो शिवणयंत्राचा आवाज होता. आठ वर्षांच्या कन्येने मान तिरकी करून क्षणभर ऐकले आणि निर्णय दिला, "बाबा, आत पाल आहे." मराठीत संशयाची पाल चुकचुकते, हे तिला अजून कोणी शिकविलेले नाही, शाळेत इंग्रजी बोलणारी आणि अंगणात कन्नड खेळणारी मुलगी ती. पण शब्द अचूक पडला. चार-पाच मिनिटांत, मार्गोसा रस्ता ओलांडण्याच्या आत, गाडीतील पाल गप्प झाली. आमच्या मनात शिरलेली झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. गाडीची तीन वर्षांची वॉरंटी जानेवारीच्या अखेरीस संपत होती. नोकरदाराच्या मनात अशा वेळी जे गणित सुरू होते ते सुरू झाले. आज बिघाड निघाला तर खर्च कंपनीचा. सात आठवड्यांनी निघाला तर आमचा. हप्ता, शाळेची फी आणि साताऱ्यास पाठवावयाचे पैसे वजा जाता आमच्यापाशी जे उरते, त्यात एंजिनाची दुरुस्ती बसत नाही.

सर्व्हिस सेंटर तुमकूर रस्त्यावर आहे. कचेरी सुटल्यावर आम्ही गाडी घेऊन तेथे गेलो. तेथील तरुण सल्लागार मोठ्या अदबीचा. त्याने बॉनेट उघडले, एंजिन सुरू केले, मिनिटभर ऐकले आणि म्हणाला, "येनू इल्ला, सार." काही नाही. आणि खरोखरच काही नव्हते. तापाने फणफणलेल्या पोराने दवाखान्याची पायरी चढताच हसू-खेळू लागावे, तसे एंजिन सुरात चालले होते. आम्ही ओशाळलो. त्याने जॉबकार्डावर इंग्रजीत जे लिहिले त्याचा मराठी अर्थ असा: "आवाज आढळला नाही. गाडी नॉर्मल."

आठवड्याने आम्ही पुन्हा गेलो. या वेळी सकाळी. घरून निघताना टिकटिक स्पष्ट होती. यशवंतपूरच्या गर्दीतून पाऊण तासाने तेथे पोहोचलो, तोवर ती नाहीशी झालेली. पुन्हा बॉनेट, पुन्हा मिनिटभर शांतता, पुन्हा तेच वाक्य. या खेपेस त्याने आमच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले ती दृष्टी आमच्या परिचयाची होती. तीच आम्ही आमच्या मेजापलीकडे उभ्या राहणाऱ्या माणसांकडे वर्षानुवर्षे टाकीत आलो आहोत. सज्जन आहे, त्रस्त आहे, पण याचे कागद बरोबर आहेत. मग याला हवे तरी काय?

"नॉर्मल" हा शब्द घेऊन आम्ही परत निघालो. आमच्या कचेरीत याच शब्दाचे भाऊबंद नांदतात. आमचे काम निवृत्तिवेतनाच्या प्रकरणांचे. "अभिलेख तपासण्यात आले, परिगणना नियमानुसार असल्याचे आढळले" हे वाक्य आम्ही किती पत्रांखाली सादर केले असेल, याची मोजदाद नाही. त्या वर्षी तर एकाच बाईंना ते तीनदा गेले होते. अर्थात, त्या दिवशी त्या बाई आम्हांस आठवल्या, असे आम्ही म्हणणार नाही. आठवल्या असत्या तर बरे झाले असते. त्या दिवशी आम्ही केवळ आमच्या गाडीचे दुःख करीत होतो.

कचेरीत दुःख बोलून दाखविले की औषधे पुष्कळ मिळतात. एक सहकारी म्हणाले, तेल कमी झाले असेल. वरच्या भागास तेल पुरले नाही की टॅपेट वाजू लागतात. आम्ही डिपस्टिक पुसून, पुन्हा बुडवून पाहिली. तेल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होते. दुसरे म्हणाले, हल्लीच्या एंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर जात्याच टिकटिकतात, त्यात चिंतेचे काही नाही. तिसऱ्यांनी टायरच्या खाचेत खडा अडकला असेल असे सुचविले. खडा चाकाबरोबर बोलतो. आमची गाडी उभ्या जागी बोलत होती. चौथे गृहस्थ अस्सल बंगळुरी. त्यांनी या शहराचे जुने सर्वरोगहारी वचन ऐकविले, "स्वल्प अडजस्ट माडी", आणि रेडिओ थोडा मोठा लावण्यास सांगितले. पेट्रोलपंपाजवळचा मिस्त्री तर पाचशे रुपयांत टॅपेट "सेट" करून देण्यास तयार होता. मोह झाला, हे कबूल केले पाहिजे. पण वॉरंटीतील एंजिनास बाहेरच्या माणसाचा पाना लागला, की पुढे प्रत्येक दोष त्या पान्याच्या नावे लिहिला जाण्याचा संभव. आम्ही हात आवरला.

अखेर आम्हांस मार्ग दाखविला तो वरच्या मजल्यावरील वृद्ध गृहस्थांनी. आमची कन्या त्यांना ताता म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. ताता जालहळ्ळीच्या घड्याळाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. हिंदुस्तान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ साली याच शहरात स्थापन झाली आणि १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिने येथे मनगटी घड्याळे बनविण्यास प्रारंभ केला. एके काळी नोकरीचा पहिला पगार, लग्नातील जावई आणि निवृत्तीचा समारंभ या तिन्ही प्रसंगी एचएमटीचेच घड्याळ शोभे. आमच्या वडिलांचे 'जनता' घड्याळ त्यांच्यामागे आमच्याकडे आले. रोज सकाळी किल्ली देऊन आम्ही ते अद्याप वापरतो. घड्याळांची ती कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. तातांशी पहिल्या भेटीत त्यांनी आमचा हात धरून ते घड्याळ कानाशी नेले होते, आणि "चालते आहे" एवढेच म्हणाले होते.

एका सकाळी आम्ही अंगणात बॉनेट उघडून हताशपणे उभे असता ताता जिन्यावरून खाली आले. त्यांनी आम्हांस, आवाज कसला आहे, असे विचारले नाही. त्यांनी विचारले, "केव्हा येतो? केव्हा थांबतो?" दोन्ही सर्व्हिस सेंटर-भेटींत हा प्रश्न आम्हांस कोणी विचारला नव्हता, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही तो स्वतःस विचारला नव्हता. सकाळी येतो, थोड्या वेळाने जातो, एवढेच आम्ही सांगू शकलो. "थोड्या म्हणजे किती?" ताता म्हणाले. आमच्यापाशी उत्तर नव्हते. वर्षाला हजारो रकाने भरणारा माणूस स्वतःच्या गाडीचा एक रकाना भरू शकला नाही.

मग ताता म्हणाले, "घड्याळ काढा." त्यांची युक्ती साधी होती, पण ती समजण्यास एंजिनाची थोडी माहिती हवी. गाडी थंड असताना सुरू केली की एंजिन जरा वेगाने फिरते. आमच्या गाडीचा काटा त्या वेळी मिनिटाला १,२०० फेरे दाखवीत होता, म्हणजे सेकंदाला २०. परंतु झडपा उघडणारा कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, आणि प्रत्येक सिलिंडरात पेट्रोलचा भडका दर दोन फेऱ्यांस एकदा उडतो. यावरून हिशेब असा निघतो: आवाज मुख्य दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याशी जोडलेला असेल, तर सेकंदाला २० ठोके. तिन्ही सिलिंडरांचे इंजेक्टर वाजत असतील, तर ३०. आणि कोणत्या तरी एकाच सिलिंडराचे काही बिघडले असेल, तर फक्त १०.

आता सेकंदाला दहा काय आणि वीस काय, कानाने मोजणे मनुष्यास अशक्य. येथे आमच्या वडिलांचे घड्याळ उपयोगी पडले. ते ताशी १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला बरोबर पाच. हा आकडा तातांनी आयुष्यभर ऐकलेला. त्यांनी ते मोबाइलच्या तोंडाशी घट्ट धरविले, गाडी सुरू करविली आणि दोन्ही आवाज एकत्र टिपून घेतले. पुढचे काम आमच्या कन्येने केले. तिने ते मुद्रण पाव वेगाने लावून दाखविले. वडीलधाऱ्यांस हे साधत नाही, याचा तिला विलक्षण आनंद झाला. आणि त्या मंद झालेल्या गोंगाटात आम्ही तिघांनीही ते स्वच्छ ऐकले. घड्याळाचा एक ठोका, त्याला गाडीचे दोन. पुन्हा एक, पुन्हा दोन. सेकंदाला दहा. बिघाड एकाच सिलिंडराचा होता.

तो झडपेचा असेल, किंवा भडक्यानंतरचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या सांध्यातून गळतीचा असेल. तातांनी बागेच्या रबरी नळीचा हातभर तुकडा मागविला. एक टोक कानाशी धरून दुसरे टोक एंजिनाच्या निरनिराळ्या भागांजवळून, पट्टा आणि पंखा यांपासून दूर ठेवून, सावकाश फिरविले. पॅरिसमधील लेनेक नावाच्या वैद्याने १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीस लावली आणि त्यातून स्टेथॉस्कोपचा जन्म झाला, हे आम्ही शाळेत वाचले होते. त्याची विद्या आमच्या अंगणात पाहण्याचा योग असा आला. वरच्या झाकणापाशी, जेथे टॅपेट असतात, तेथे आवाज बोथट होता. बाजूस, धुराच्या नळीच्या सांध्याजवळ, तो तीक्ष्ण झाला. तातांनी नळी आमच्या कानाशी दिली. तो धातूवर धातू आपटण्याचा आवाज नव्हताच. ती एक फुंकर होती; दातांच्या फटीतून कोणी सेकंदाला दहा वेळा हवा सोडावी तशी.

"एंजिन तापले की धातू प्रसरण पावतो आणि फट मिटते," ताता म्हणाले. "म्हणून तुमच्या मेकॅनिकला ती सापडत नाही. तो खोटे बोलत नाही. तुम्ही त्याच्याकडे नेहमी मिटलेली फट घेऊन जाता." आणि फट लहान आहे म्हणून सोडून देऊ नका, असे त्यांनी बजावले. त्या वाटेने बाहेरची हवा आत शिरते, धुरातील प्राणवायू मोजणारे यंत्र फसते आणि पेट्रोलचे प्रमाण बिघडते. शिवाय तो विषारी वायू बॉनेटखालून गाडीच्या आतही येऊ शकतो. ज्या पहिल्या चार मिनिटांत गाडी टिकटिकत असे, त्याच चार मिनिटांत आमची कन्या मागच्या आसनावर बसून डब्यातील पोळी खात असे. आमच्या खर्चाच्या गणितात हा रकाना आतापर्यंत नव्हता.

गाडीच्या एका स्क्रूसही हात न लावता ताता वर निघून गेले. पुढील काम लिपिकाचे होते आणि ते आम्हांस येत होते. आम्ही वही आखली. तारीख, गाडी किती तास उभी होती, हवेचे तापमान, मीटरवरील किलोमीटर, सुरू करताना काट्यावरील फेरे, आवाज किती वेळाने थांबला. नऊ दिवस नोंदी केल्या. रात्रभर उभ्या गाडीचा आवाज १६ अंशांच्या सकाळी पाच मिनिटे टिके. दुपारी तीन तास उभी राहिलेली गाडी मिनिटभरच बोले. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू केली तर मुळीच नाही. नऊ ओळींत आजाराचा स्वभाव उतरला होता.

वॉरंटीचे सोळा दिवस उरले असता आम्ही तिसऱ्यांदा गेलो. या वेळी सोबत लेखी अर्ज, वहीची प्रत आणि ते मुद्रण. मागणी एवढीच, की आमची तक्रार आमच्याच शब्दांत जॉबकार्डावर लिहावी, गाडी रात्रभर येथे उभी ठेवावी आणि सकाळी आमच्या समक्ष सुरू करावी. मुदत संपली तरी मुदतीत केलेली लेखी तक्रार हाती असावी, हा सावधपणा नोकरीने शिकविलेला. सल्लागाराने अर्ज दोनदा वाचला. आवक क्रमांक मागावा की काय, असा मोह आम्हांस क्षणभर झाला; पण आवरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठास आम्ही हिरव्या मार्गिकेच्या मेट्रोने तेथे हजर झालो. एक विशीतला मेकॅनिक हाताने डोळे चोळीत आला. गाडी रात्रभराची गार होती. त्याने ती सुरू केली, आणि टिकटिक सुरू झाली. त्या आवाजाने आम्हांस इतका आनंद होईल, असे आम्हांस कधी वाटले नव्हते. मुलगा वाकला, ऐकत राहिला, आणि त्याचा चेहरा उजळला. "इदे, सार!" तो म्हणाला. आहे! मग त्याने उष्णतारोधक पत्रा काढला. मधल्या सिलिंडराच्या सांध्यापासून काजळीची एक बारीक काळी रेघ बाहेर आलेली होती. तेथील गॅस्केट जळले होते आणि एक नट इतरांच्या मानाने सैल होता. दुपारपर्यंत गॅस्केट बदलून झाले. बिलाची रक्कम शून्य रुपये. निघताना तो मुलगा म्हणाला, "सार, आमच्याकडे येणारी प्रत्येक गाडी तापलेलीच येते. थंड गाडी आम्ही कधी ऐकतच नाही."

हे वाक्य त्याने सहज उच्चारले. आम्ही ते मेट्रोत, कचेरीत आणि रात्री अंथरुणावर घोळवीत राहिलो.

चार दिवसांनी आम्ही त्या बाईंची फाइल कपाटातून काढली. बाई बेळगावकडच्या, वय ८३, मुलाकडे बंगळुरास राहणाऱ्या. पती केंद्र सरकारच्या नोकरीत होते. त्यांच्या मागे बाईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळे. नातवाकडून लिहवून घेतलेल्या तिन्ही पत्रांत तक्रार एकच: माझ्या मैत्रिणीला माझ्यापेक्षा जास्त मिळते, आणि दोघींचे मालक एकाच हुद्द्यावर होते. आम्ही तिन्ही वेळा बेरजा तपासल्या होत्या. त्या बरोबर होत्या. आम्ही तिन्ही वेळा तसे कळविले होते.

या वेळी आम्ही दूरध्वनी करून त्यांना बोलावून घेतले. खुर्ची दिली. आणि कागद न उघडता विचारले, "आजी, मैत्रिणीचे पैसे केव्हापासून वाढले?"

बाई मराठी ऐकून आधी थोड्या गोंधळल्या. मग क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या, "तिचे सहस्रचंद्रदर्शन झाले ना, त्याच वर्षी. मी गेले होते की जेवायला. त्याआधी दोघींना सारखेच मिळत होते." थोडे थांबून त्यांनी पुस्ती जोडली, "माझे तर तिच्या आधी झाले."

वाचकांपैकी अनेकांस येथेच उलगडा झाला असेल. निवृत्तिवेतनधारकास किंवा कुटुंब निवृत्तिवेतन घेणारास ८० वर्षे पूर्ण झाली की मूळ रकमेवर २० टक्के अधिक मिळतात. ८५ व्या वर्षी ३०, ९० व्या वर्षी ४०, ९५ व्या वर्षी ५० आणि शंभरी गाठल्यास पूर्ण १०० टक्के. हा नियम आम्हांस तोंडपाठ आहे. झोपेतून उठविले तरी म्हणून दाखवू. परंतु पुष्कळ जुन्या निवृत्तिवेतन आदेशांत पतीची जन्मतारीख असते, पत्नीची नसते. ती नसली की बँकेस तिचे वय कळण्याचा मार्ग नाही, आणि वाढ आपोआप लागू होत नाही. आम्ही फाइल उघडली. बाईंच्या जन्मतारखेच्या रकान्यात शाईची एक आडवी रेघ होती. ती रेघ आम्ही तीनदा पाहिली असली पाहिजे. कारण तिच्याच खालच्या ओळीतील रक्कम आम्ही तीनदा तपासली होती.

जन्मतारखेचा पुरावा घेतला, प्रस्ताव तयार केला, थकबाकीची परिगणना जोडली आणि कागद पुढील कार्यालयाकडे रवाना केले. हे लिहीत आहोत तोवर मंजुरी आलेली नाही. ८३ व्या वर्षी वाट पाहण्याचा अर्थ काय होतो, हे आम्ही जाणतो. म्हणून दर सोमवारी एक स्मरणपत्र किंवा एक दूरध्वनी करतो. त्या दिवशी उठताना बाईंनी आम्हांस विचारले होते, "साहेब, माझी आधीची पत्रे तुम्हीच वाचली होती काय?" आवाजात रोष नव्हता, त्यांना खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. आम्ही "होय" म्हणालो. त्या "बरं" म्हणाल्या आणि काठी टेकीत बाहेर गेल्या. आमच्या सहीची ती तीन उत्तरे फाइलीत क्रमाने लावलेली आहेत. ती तेथेच राहतील. अभिलेखातून काही काढता येत नाही, हाही एक नियमच आहे.

गाडी आता सकाळी निमूटपणे सुरू होते. कन्या अजूनही बॉनेटजवळ मान तिरकी करून क्षणभर उभी राहते आणि "पाल गेली" असे काहीशा खेदाने सांगते. तातांची आणि आमची जिन्यात भेट झाली की ते आमचा हात धरून घड्याळ कानाशी नेतात. कचेरीत आमच्या वहीला एक रकाना वाढला आहे. नवी तक्रार आली की तिच्यापुढे आम्ही प्रथम पेन्सिलीने लिहितो: केव्हापासून? उत्तर मिळेपर्यंत शाईचे पेन उघडावयाचे नाही, असे ठरविले आहे. ठरविलेले सर्व पाळले जाते असे नाही. परवाच मार्चअखेरच्या घाईत एका गृहस्थांना "परिगणना नियमानुसार आहे" असे लिहून आम्ही सही करणार होतो. टोपण उघडून झाले होते. मग पेन्सिल शोधली.